मापाचे तांदूळ

आधी तांदूळ मोजले.
जुन्या पायमोज्यांत भरले, गाठ मारली,
आतल्या कपड्यात दोन्हीकडे बसवले
आणि दिवसभर घरात वावरले.
भांडी घासली, टपाल उघडलं,
आरशासमोरून सहज गेल्यासारखी सहा वेळा गेले.
अडीचशे कमी. साडेतीनशे कुणा दुसरीचे.
दोनशे पंच्याण्णव मिलिलिटर
माझेच वाटले, कुठेतरी ठेवून विसरलेले.

ऐरीने विचारलं, "पण कोणासाठी?"
बहीण आहे, विचारणारच.
मी म्हटलं, "तू पुढचे दात कोणासाठी बसवलेस?"
मग तीन आठवडे तो विषय नाही.

सिगारेट सोडली. लसणाच्या गोळ्या बंद, ॲस्पिरिन बंद.
पुढून बटणांचे तीन शर्ट आणले
जुन्या कपड्यांच्या दुकानातून, पुरुषी, चौकड्यांचे.
वरच्या फळीवरचं सगळं कमरेशी उतरवलं,
साखर, कॉफी, मोठी कढई.
फळीवर राहिले धुळीत उमटलेले
बरण्यांचे गोल.

लाकूड मात्र उतरवून भागणार नव्हतं.
तार्तूच्या आमच्या वस्तीत गल्ल्यांना भाज्यांची नावं आहेत.
मी वाटाणा गल्लीत, लाकडी घरात राहते,
फेब्रुवारीत भट्टी दिवसातून दोनदा पेटवावी लागते,
आणि सहा आठवडे दोन किलोच्या वर काही उचलायचं नव्हतं.
खालच्या एंडेलना सांगितलं,
छातीचं ऑपरेशन आहे.
त्यांनी टोपी काढली.
पुढचं मी बोलले नाही.

शुद्धीवर आले तेव्हा छातीवर कुणीतरी बसलं होतं.
"स्नायू रागावलाय," नर्स म्हणाली,
"नव्या भाडेकरूंची सवय नाही त्याला."
दोन आठवडे खुर्चीतच झोपले, अर्धवट बसून,
रात्रीची गाडी चुकल्यासारखी.
खिडकीची कडी, दारामागचा कोट, माझाच अंबाडा,
सगळं हाताबाहेर गेलेलं.
आणि ते दोघे: ताठ, चकचकीत, गळ्याशी येऊन बसलेले,
कोट न काढलेल्या पाहुण्यांसारखे.
उतरतील, डॉक्टर म्हणाले.
डावीकडे बोट लावलं
तर बोटाला कळायचं, मला नाही.
एका रात्री ठणका आणि कर्जाचे हप्ते
सोबतच मोजले.

एंडेल रोज सकाळी बर्चचं लाकूड आणत,
माझ्याकडे न बघता ठेवत.
एकदा बिटाचा रस आणला, एकदा मध.
अकराव्या दिवशी म्हणाले,
"आमच्या लिंडाचं डावं काढलं होतं.
तुमचं वेळेत कळलं ना?"

भट्टीत साल तडतडत होती.
"काढलं नाही," मी म्हटलं. "घातलंय.
दोन्हीकडे. हौसेनं."

ते लाकडं रचत राहिले,
जाड खाली, बारीक वर. पुन्हा काढून रचली.
मग म्हणाले,
"दवाखान्यातून दिलेलं हलकं होतं, वर सरकायचं.
मग तिनं स्वतः शिवलं. आत बाजरी भरली,
उजवीकडचं वजन तळहातावर तोलून.
कडाका पडला की उसवायची,
पाखरांना घालायची, नवी भरायची.
मापाला पक्की होती."
दाराशी थांबले.
"तुमच्यात काय भरलंय?"
"सिलिकॉन."
"म्हणजे पाखरांना उपयोग नाही."

हसले, तर टाके ओढले.
उशी छातीशी धरली
आणि ते जिना उतरून गेले तरी हसत राहिले,
मध्येच केव्हातरी रडलेही असेन.

एप्रिलमध्ये डावीकडे खाज सुटली.
खाज! मी ऐरीला फोन करून सांगितलं.
एका मोज्यातले तांदूळ धुऊन शिजवले,
आम्ही दोघींनी लोणी घालून खाल्ले.
दुसऱ्यातले खिडकीबाहेर पसरले,
कडी माझ्या हातानं काढून.
पाखरं आली नाहीत.
बर्फ वितळला होता, त्यांना खायला दुसरं पुष्कळ होतं.
साखर अजून खालीच आहे.