चार इंच

हलमधल्या या इमारतीत मी दोनदा रुजू झाले,
असं गमतीनं म्हणते.
पहिल्यांदा पगार नव्हता.
पायात त्यांनी दिलेल्या सपाता,
बुटांच्या नाड्या एका पाकिटात,
पाकिटावर माझं नाव, चुकीच्या स्पेलिंगचं.

आता त्याच मजल्यावर कार्पेट आहे.
वॉर्ड गेला, क्लिनिक आलं.
भिंतींना ताकासारखा रंग.
माझ्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो,
फोटोतली बाई बरी दिसते.

गुरुवारी अकराला कीथ ॲब्लेट येतो.
तीस वर्षं कॅरॅव्हॅनच्या कारखान्यात दारं बसवली;
अजून खोलीत शिरताना
आधी बिजागरी बघतो, मग मला.
सात आठवडे तो फक्त हंबर नदीवरच्या
वाऱ्याबद्दल बोलला.
आज म्हणाला,
"राग मानू नका, पण तुम्हाला जे ठाऊक
ते सगळं पुस्तकातलं."

आम्हाला शिकवलंय : स्वतःचं सांगू नये.
सांगावंसं वाटलंच तर आधी विचारावं,
हे त्याच्यासाठी की माझ्यासाठी?
विचारलं. उत्तर नीट आलं नाही.
अकरा चाळीस झाले होते.
पर्समध्ये रोजची पांढरी गोळी;
आईला अजून ती थायरॉइडची वाटते.

मी म्हटलं, "ती डावीकडची खिडकी
चार इंचच उघडते. आडवी लोखंडी पट्टी आहे.
हात खांद्यापर्यंत बाहेर जातो.
खांदा जात नाही."

तो उठला.
चुकलंच आपलं, मला वाटलं.
खिडकीशी जाऊन त्यानं पट्टीवरून अंगठा फिरवला,
स्क्रू मोजले,
एक नखानं खरवडून पाहिला.
"कुणी बसवलीय ही? तिरकी आहे."
"माहीत आहे," मी म्हटलं.
"अकरा आठवडे बघत होते."

मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.
खाली एका मुलीची बस चुकली;
थोडं धावून तिनं नाद सोडला,
आणि तिथंच उभ्या उभ्या सँडविच खाऊ लागली.
कीथ ते पाहत राहिला.
पाठमोराच म्हणाला, "पहाटे तीनला.
तुम्हालाही तीनलाच?"
"सव्वातीन."
त्यानं मान हलवली, जणू
पंधरा मिनिटांचा फरक चालण्यासारखा होता.

तो गेल्यावर नोंदीत काय लिहावं ते सुचेना.
मंगळवारी सुपरवायझर विचारेलच.
शेवटी लिहिलं :
हवा थंड. खिडकीबद्दल बोलणं झालं.