दर दाराला, दर महिन्याला

दर दाराला दोन युरो चाळीस सेंट.
दारं दोनशे बारा.
गुणाकार मी तीनदा केला, ताम्पेरेतल्या या तळघरात,
बॉयलरच्या उबेला बसून.

विकायला आलेला पोरगा चांगला होता.
म्हणाला, सर्व्हर आमचा, काळजी आमची,
तुम्ही फक्त लॉगिन करायचं.
एकवीस वर्षं मी लोकांकडून भाडं घेते;
आपल्याच इमारतीच्या आठवणींत
आता मीच भाडेकरू होणार.

ओइवाची वही टेबलावर.
तेलकट बोटांची, चौतीस हिवाळ्यांची.
'सी जिना, तिसरा मजला: व्हॉल्व्ह उलटा फिरतो.'
'कुर्किलाबाई: दार हळू वाजवणे, कुत्रं आजारी.'
हे कुठल्या रकान्यात भरायचं रे?
त्यानं 'इतर' लिहिलेली चौकट दाखवली.
दोनशे अक्षरं मावतात म्हणे.

मला वाटलं, ओइवा नाहीच म्हणेल.
त्यानं चष्मा कपाळावर सरकवला,
मागल्या जानेवारीचं पान माझ्यापुढे धरलं.
'वाच.'
अक्षर लागेना.
'मलाही लागत नाही,' तो म्हणाला
आणि थरथरता हात खिशात घातला.

मग एकच विचारलं त्यानं:
पैसे भरायचे थांबलो, तर आमचं आम्हाला परत देता?
नव्वद दिवस, पोरगा म्हणाला. फाईल करून.
त्यानंतर पुसतो.

बाहेर उणे एकोणीस.
सही मी अजून केलेली नाही.
वर कुणीतरी नळ सोडला, पाईप कण्हला,
ओइवा मान न उचलता म्हणाला, सी जिना.