एक रिंग

बाबा विद्युत मंडळात, पोलोग्राउंडच्या ऑफिसात.
कुठल्या फीडरची लाइट कधी जाणार
हे त्यांना शहराच्या आधी कळायचं.
घरचा फोन एकदाच वाजायचा, मग गप्प.
आई मिक्सर आटपून घ्यायची,
मी गेम सेव्ह करायचो.
फोन कुणी उचलायचं नाही.
न उचललेल्या रिंगचे पैसे पडत नसत,
आणि माझ्या खेळाबद्दल बाबांना
याहून जास्त काही म्हणायचं नसे.

पहिलं मशीन जेलरोडवर मुस्तनसिर भियांनी जोडलं.
दहावीचे पेपर संपून चार दिवस झालेले,
मी स्टुलावर, श्वास धरून.
"पहले लोहे को हाथ लगा," ते म्हणाले,
"बदन की बिजली उतरने दे."
एक स्क्रू कमी पडला
तो शेजारच्या शिलाई मशीनवाल्याकडून आणवला.
बाकीच्यांहून सूतभर लांब,
जास्त पिळला की कुरकुरतो.

मग जे सुरू झालं ते संपलंच नाही.
आठवीच्या दोन पोरांना भूमिती शिकवून रॅम दुप्पट केली.
कार्ड घेतलं तर पॉवर सप्लायने मान टाकली,
सप्लाय बदलला तर मदरबोर्ड म्हातारा दिसू लागला,
एका खोलीला रंग दिला
की दुसरीची भिंत तोंड पाडते तसा.
रात्री दोनला मशीन रडायचं:
एक लांब, दोन आखूड, म्हणजे कार्ड नीट बसलं नाही.
नुसतंच लांब लांब, म्हणजे रॅम काढ,
खोडरबराने तिचे पिवळे दात घास, पुन्हा बसव.
ती भाषा मी इंग्रजीच्या आधी शिकलो.

समोरच्या गच्चीवरून शैलू मुंगीची केबल यायची
आवळ्याच्या झाडातून,
संक्रांतीला तिच्यात पतंग अडकायचे.
आम्ही एकमेकांना रात्रभर मारायचो
आणि सकाळी एकाच सायकलवर कॉलेजला जायचो.
शैलू हैदराबादला गेला.
टोक माझ्या खिडकीत आहे अजून,
पलीकडे कुणी नाही.

दसऱ्याला आई कॅबिनेटला झेंडू वाहायची,
पत्र्यावर हळदकुंकू. पुसलं तर रागवायची.
एका वर्षी पंख्याने कुंकू आत ओढलं.
मला ते कळलं आई गेल्यावर,
प्रोसेसर बदलताना:
हीटसिंकच्या पात्यांत करडी धूळ,
धुळीत एक लालसर रेघ.
नवा हीटसिंक मोठा होता, तांब्याच्या नळ्यांचा.
जुना ड्रॉवरमध्ये आहे. ब्रश मारलेला नाही.

भियांच्या दुकानात आता त्यांचा मुलगा बसतो,
काचेचे डबे, इंद्रधनुष्य फिरवणारे पंखे.
"ये डब्बा तो बदल लो अब," म्हणतो.
मी म्हणतो, बघू.
पाच मदरबोर्ड झाले, कार्डं किती ते आठवत नाही,
एसएसडी आल्यापासून ती चालू होतानाची घरघरही गेली.
पत्रा तेवढा तोच.
आणि तो शिलाई मशीनचा स्क्रू.

संध्याकाळी बाबा येतात,
कॅबिनेटवर तळवा ठेवतात,
लहानपणी माझ्या कपाळावर ठेवायचे तसा.
"आज तापलाय."
"नवं कार्ड आहे, बाबा."
"किती वॅट?"
"तीनशे."
"साडेसात ट्यूबलाइटी," ते म्हणतात,
आणि जाताना खोलीतली एक बंद करतात.

परवा, ऐन मे महिन्यात, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला.
गल्ली काळी. यूपीएस चिरकत होता,
पडद्यावर माझा माणूस पुलाच्या मध्यावर उभा.
तेवढ्यात मोबाइल वाजला.
एक रिंग. पलीकडच्या खोलीतून.
लाइट जाऊन चांगला मिनिट झाला होता.

मी फोन उचलला नाही.
गेम सेव्ह केला.