सहा बांगड्यांचं अंतर

चाळीस वर्षं अंबाजोगाईच्या मंडी बाजारात
मी दुसऱ्यांचे हात दाबत आले.
अंगठा तळव्यात मोडायचा, करंगळीकडं सारायचा,
कोणाचा हात लोण्याचा, कोणाचा बाभळीचा
डोळे मिटून सांगेन.
कातडीखाली दोऱ्या असतात,
हे मात्र काचेनं शिकवलं.

शोकेसची काच. पुसताना तडकली.
जखम केवढी? नखाएवढी,
उजव्या अनामिकेच्या मुळाशी.
हळद भरली, चिंधी बांधली, दुकान उघडंच.
संध्याकाळी गल्ला मोजताना दिसलं:
बाकीची बोटं निजल्यासारखी वाकलेली
आणि एकटं ते ताठ,
वर्गात हात वर केलेल्या पोरासारखं.

घरचे म्हणले, नस तुटली.
सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणला, नस नव्हे, प्रयागमावशी.
बैल इथं, कोपराखाली.
मोट तिथं, बोटाच्या शेंड्याला.
मधला नाडा तुटलाय,
आणि तुटलेलं टोक आत पळालंय, तळहातात.
आधी ते हुडकावं लागंल.

आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत,
वाढवली म्हणतात.
त्यानं सरळ तुटली म्हणलं.
बरं वाटलं.

मग सहा आठवडे हाताच्या पाठीला फळी, मनगट वाकतं.
नौशीन मॅडम व्यायामाची.
तिच्या हातात घड्याळ, बांगडी एक नाही,
माप मात्र बघितल्याबरोबर कळलं: दोन-चार.
म्हणली, टाका कच्चा आहे, ओढायचा नाही.
पण निजवूनही ठेवायचा नाही,
दोरी आजूबाजूच्या मांसाला चिकटती.
डाव्या हातानं उजवं बोट मिटवायचं,
तासाला दहा वेळा.
घागर नको. पिळणं नको.
चहाचा कपसुद्धा नको.

टँकर आला की गल्ली पळायची.
मी दारात, हात छातीशी धरून,
कोणाचं तरी तान्हं सांभाळायला दिल्यासारखी.

एकविसाव्या दिवशी दुखायचं थांबलं.
न दुखणारा हात लबाड असतो.
डझनभर बांगड्यांचा तोडा उचलायला गेलेच होते,
सून ओरडली.

फळी निघाली त्या दिवशी मॅडम म्हणली,
हात सैल सोडा, मावशी.
मला हसू फुटलं.
हे वाक्य माझं.
माझ्या स्टुलावर ओठ चावत बसलेल्या
किती नवऱ्या मुलींना म्हणले असंल,
आणि त्यांना ते का जमत नव्हतं
ते आत्ता कळतंय.

मूठ वळ म्हणली. वळली नाही.
नख आणि तळव्यात दीड सेंटीमीटर, तिच्या पट्टीनं.
मी म्हणलं, पट्टी ठेव बाई.
पिशवीतून काढून एकावर एक रचल्या:
सहा बांगड्या.
आखाडात चार राहिल्या.
दिवाळीला तीन.

आता दोनवर अडलंय.
मॅडम म्हणती, आणखी येईल, नाहीतर येणार नाही.
दुकान चालू आहे. बांगड्या डाव्या हातानं भरते,
गिऱ्हाईक कावतं, पण बसतं.
चिल्लर तेवढी त्या फटीतून गळती.
म्हणून म्हणते, नोट असंल तर द्या.