सोळा वर्षांनंतरची चौकशी

दुपारी अडीचला फोन.
"श्रीरंग दरेकर ना? मी डॉक्टर मुजावर.
तुमच्या अन्ननलिकेचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालेलं,
त्याला सोळा वर्षं झाली. चारच प्रश्न आहेत."
आवाज कोवळा. तेव्हा ही पोरगी
पाढे म्हणत असेल कुठेतरी.

घास अडकतो का?
कधीच नाही, कधीतरी, रोज, की प्रत्येक जेवणात?

तेव्हा प्रत्येक जेवणात, बाई.
मी भोसरीला लेथवर, मला जाम झालेला व्हॉल्व्ह कळतो.
वरून भरत राहायचं, खाली उघडायचंच नाही.
भाकरीचा तुकडा छातीच्या हाडामागे
उशिरा आलेल्या कामगारासारखा
गेटवर उभा.
मी पाणी प्यायचो, उठायचो, दोन्ही हात वर करायचो.
कॅन्टीनमधली पोरं म्हणायची,
दरेकरांचा व्यायाम सुरू झाला.
मग मोरी गाठायची.
एकाहत्तर किलोंचे एकोणपन्नास झाले.
एक डॉक्टर म्हणाला टेन्शन, दुसरा म्हणाला ॲसिडिटी.
मेव्हणा काहीच म्हणाला नाही,
नुसता विम्याचे कागद कुठे असतात ते विचारून गेला.

कर्वे रस्त्यावरच्या सर्जननी कागदावर काढून दाखवलं :
पोटावर पाच भोकं, करंगळीहून बारीक.
बाहेरचा स्नायू चिरायचा,
आतलं अस्तर फाटू द्यायचं नाही.
मी विचारलं, टॉलरन्स किती?
ते हसले नाहीत.
म्हणाले, कागदाइतका.
मी तिथेच सही केली.

तिसऱ्या दिवशी पेज.
एक चमचा. गेला.
कांचन रडायला लागली.
मी म्हटलं, थांब जरा, ऐकू दे.

"काका, ऐकताय ना?"
हो. लिहा, कधीतरी.

वर येतं का परत?
कधीतरी. दार उघडं ठेवलं की
दोन्हीकडून ये-जा होणारच.
सकाळी उपाशीपोटी गोळी,
रात्री आठनंतर पाणीसुद्धा मोजून,
दर दोन वर्षांनी घशातून कॅमेरा.
आणि नळी काही ढकलत नाही, तिचं ते काम गेलं ते गेलंच.
आता घास उतरतो तो आपल्या वजनाने.
म्हणून मी ताठ बसतो, घासामागे घोट घेतो,
आणि लग्नात लोक विडा खात असतात
तेव्हा माझ्या पानात अजून पहिला भात असतो.

छातीत दुखतं?
थंडीत, एखाद्या रात्री.
कात्रजच्या बोगद्यात ट्रक शिरावा
तसं काहीतरी आत शिरतं,
घुमतं, आणि पलीकडून निघून जातं.
तेही कधीतरीच.

वजन?
चौसष्ट. हलत नाही.

पलीकडे बेरीज.
"तीन. बारापैकी.
तीनपर्यंत आम्ही यशस्वी धरतो, काका."
काठावर का होईना, पास.
"आणखी काही सांगायचंय?"
नाही, म्हटलं. बरं चाललंय. जेवलात का तुम्ही?
ती एकदम हसली. नव्हती जेवली.

फोन ठेवल्यावर आठवल्या विटा.
पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन,
ऑपरेशननंतरच्या आठवड्यात आणलेल्या,
समोर बांधकाम चाललं होतं तिथून, वॉचमनला विचारून.
पोटातलं रात्री वर चढू नये म्हणून उतार.
मी म्हटलं होतं, तू दुसऱ्या खोलीत नीज.
ती म्हणाली, घसरलो तर दोघं घसरू.
आणि घसरायचोच.
पहाटे दोघांचे पाय पलंगाबाहेर,
चादर गोळा होऊन तळाशी,
रोज तीच पुन्हा वर ओढायची.

गेल्या महिन्यात शलाकाच्या बाळंतपणाला
कांचन तळेगावला गेली.
पहिल्याच रात्री अकराला फोन :
झोप येत नाही हो, इथे सगळं सपाट आहे.

सकाळी लेकीचा फोन, वैतागून :
बाबा, आईला काय झालंय?
ह्यांची कॉलेजची जाडजूड पुस्तकं काढलीत कपाटातून,
आणि पलंगाच्या पायांखाली घातलीत.