चहाची वही

पट्ट्यानं दोन बोटं नेली
तेव्हा तुरीची डाळ चालू होती.
मिल थांबली नाही. लातूरच्या एमआयडीसीत
एवढ्यावरनं मिल थांबत नसती.
टेम्पोत मुकादम म्हणाला,
दवाखान्यात सांग, घरच्या कडबाकुट्टीत गेली.

मी सांगितलं.
तेवढं एक खोटं
तीन वर्षं झाली, माझ्याच विरुद्ध साक्ष देतंय.

हजेरीपटावर नाव नाही.
आमचे वकील विचारतात, चिठ्ठी? ओळखपत्र?
काहीतरी कागद असंल ना, इलाहीभाई?
पगार शनिवारी मुठीत मिळायचा.
मूठ होती तोवर.

मग उभा राहिला केरबा टपरीवाला,
बिस्किटाच्या डब्यातली वही घेऊन.
पानं साखरेनं चिकटलेली,
अक्षरं मुंग्यांसारखी, ओळ सोडून चाललेली:
रातपाळी. डाळमिल. इलाही. दोन हाफ.
मालकाच्या वकिलानं ती चिमटीत धरली,
म्हणाला, ही काय वही आहे?

त्या रात्रीच्या पानावरही दोन हाफ.
दुसरा प्यायचा राहिला,
तरी लिहिलेला.

जजसाहेबांनी तारखेवर बोट ठेवलं.
कुणी बोट ठेवलं कशावर
की मी बघत राहतो.

निकाल नाही. पुढची तारीख पोळा झाल्यावर.
बाहेर लिंबाखाली केरबा म्हणाला,
वही तर जमा झाली,
तीनशे चाळीस राहिलेत तुझ्याकडं.
मी खिशात हात घातला, डावा.
राहू दे, म्हणाला,
आधी वही परत येऊ दे
खोडायला.