अर्धा चेहरा

मेहजबीन म्हणते, काका, ठिपके कमी टाका.
गालाला दोन पुरतात, हनुवटीला एक,
बाकी दांड्या ओढून वळवायचं.
एकतीस वर्षं कुर्ल्यात पाट्या रंगवल्या मी,
मनगट अजून ब्रशच्या वजनाला सरावलेलं.
माऊस ओल्या साबणासारखा निसटतो.

मागे फ्लेक्सचं मशीन खरखरतंय,
कुणाचा तरी वाढदिवस हळूहळू बाहेर येतोय,
आधी केस, मग कपाळ.

सरावाला कुमुदचा फोटो घेतला.
जुना नाही, गेल्या महिन्यातला.
उजवी बाजू जमली. भुवई, नाकपुडी,
कानातली कुडी, सात मोत्यांची,
सातही वेगवेगळे काढले.
मग मेहजबीननं एक बटण दाखवलं:
अर्धा चेहरा उलटा करून शेजारी चिकटवायचा,
निम्मं काम वाचतं.

वाचलं.
पडद्यावर कुमुद सरळ हसली,
झटका यायच्या आधीची,
ओठांचे दोन्ही कोपरे एका उंचीवर.
मी चष्मा काढून पुसला.

रात्री तिला मोबाईलवर दाखवलं.
बराच वेळ बघत राहिली,
मग शब्द एका गालानं ढकलत म्हणाली,
"छान आहे. कोण ही?"

आज मेहजबीनच्या आधी दुकानात आलोय.
डावी बाजू पुसून टाकली.
ओठाचा कोपरा खाली ओढतोय,
थोडा,
अजून थोडा.
इथे मात्र दोन ठिपक्यांत भागत नाही,
अकरा झाले, बारावा टाकतोय.
मेहजबीन ओरडेल.
ओरडू दे.